पूल उघडायला कसं सांगायचं: बोटीवर जाणाऱ्या आपल्या पोरांसाठी सगळी माहिती

परवा सकाळी सहाच्या सुमाराला कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभा होतो, ग्लास हातात, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. तो फ्लोरिडात एका शिडाच्या बोटीवर डेकहँड, म्हणजे डेकवरची कामं करणारा, म्हणून लागलाय, तिकडं तेव्हा आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेआठ वाजलेले. म्हणाला, "मामा, पुलापुढं येऊन वीस मिनिटं झाली, भोंगा दिला, हात केला, पूल उघडंनाच की." कॅप्टन इंजिनात डोकं घालून बसलेला आणि पुलाशी बोलायचं काम ह्याच्यावर टाकलेलं. मी विचारलं भोंगा कसा दिलास, तर म्हणतोय "कसा म्हणजे, दाबला की दोन-तीनदा." आणि रेडिओवर कुठल्या चॅनलवर बोलालायस? "तेरा." म्हटलं, पुलाच्या आधी पाटी असेल, त्यावर काय लिहिलंय ते दुर्बिणीतून बघ जरा. दोन मिनिटं नुसता वाऱ्याचा आवाज, मग म्हणाला, "मामा, नऊ लिहिलंय."

नवावर बोलल्या बोलल्या उत्तर आलं. पुलावरचा माणूस तिथंच बसलेला होता, फक्त तो नऊ नंबरवर ऐकत होता आणि आमचा पोरगा तेरावर हाका मारत होता.

तेव्हाच ठरवलं की हे सगळं एकदा नीट लिहून टाकायचं. आपल्या जिल्ह्यातनं आता बरीच पोरं मर्चंट नेव्हीत, टगवर (म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवर), यॉटवर जायला लागलीत, काही जण शिकायला अमेरिकेला जातात आणि सुट्टीत बोट भाड्यानं घेतात, आणि आपल्याकडं काय बोट जायला मधनं उघडणारा पूल नाही. शिवाजी पुलावरनं आपण लहानपणापासून गेलोय पण तो कुणासाठी उघडलेला बघितलेला नाही. त्यामुळं पहिल्यांदा असला पूल समोर आला की माणूस गोंधळतो. मी बावीस वर्षं बोटींवर काढली, त्यातली बरीच अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जिथं असे पूल एकामागनं एक लागतात, म्हणून नियम मुख्यतः तिकडचे सांगतो आणि शेवटी लंडन, हॉलंड आणि आपलं रामेश्वरजवळचं पांबन.

पण उघडणारं काहीच आपल्याकडं नाही असंही नाही. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, ज्याला राज्यभर के.टी. वेअर म्हणतात, तो आपलाच. माझे चुलते गावाकडच्या बंधाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढायला जायचे, मीपण बरोबर. बरग्यांच्या दोन रांगा, मधी चिखलमाती दाबून भरलेली, लोखंडी हूक अडकवून साखळीनं बरगा वर ओढला की तो शेवाळानं हिरवागार, गळत गळत वर यायचा आणि त्या फटीतनं पाणी असं उसळायचं की खालची जमीन हादरल्यासारखी वाटायची. पण पहिला बरगा हलवायच्या आधी चुलते बंधाऱ्यावर उभं राहून खालच्या अंगाला हाळी द्यायचे, कारण तिथं कोण धुणं धूत असायचं, कुणाची म्हसरं पाण्यात बसलेली असायची. आणि हाळी दिली की खालनं "ओ" येईपर्यंत साखळीला हात लावायचा नाही. मी एकदा विचारलं, ऐकलं असेल की त्यांनी, काढूया की. तर म्हणाले, "ऐकलं असेल न्हाई चालत, ओ आली पायजे." पुलाचा सगळा नियम ह्या एका वाक्यात बसतोय, पुढं बघा.

आधी हे समजून घ्या की पूल का उघडतात

रेल्वे फाटकाला आपण थांबतो कारण गाडी आधी. तिकडं उघडत्या पुलावर बोट आधी, रस्ता नंतर. ह्याचं कारण जुनं आहे. नदी हा आधीचा रस्ता, पूल नंतर आला आणि आडवा आला, म्हणून पूल बांधायची परवानगी देताना सरकारनं अट घातली की बोट आली आणि सांगितलं तर उघडायचा. अमेरिकेत ह्या पुलांच्या नियमांचा कायदा १८९४ चा आहे, आधी हे काम लष्कराच्या इंजिनीयर लोकांकडं होतं, १९६७ पासून कोस्ट गार्डकडं आलं. सगळे नियम फेडरल नियमावलीच्या ३३ व्या विभागात ११७ व्या भागात आहेत, इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, आणि त्यातलं मूळ वाक्य असं आहे की सिग्नल दिला की पूल लगेच आणि पूर्ण उघडला पाहिजे, जिथं वेगळं लिहिलेलं नसेल तिथं.

दुसरं कारण साधं आहे. गाडीला ब्रेक असतोय, बोटीला नसतोय. मागनं प्रवाह ढकलत असला की बोट एका जागी धरणं लई अवघड जातं. रस्त्यावरची मोटार इंजिन बंद करून अर्धा तास उभी राहू शकते.

पण हक्क आहे म्हणून कसाही वापरायचा नाही. पूल उघडला की वर शंभर गाड्या थांबतात, त्यात कुणाची शाळेची बस, कुणाची ड्युटी. म्हणूनच नियमात स्पष्ट लिहिलंय की खालनं जायला जागा असेल तर पूल उघडायला सांगायचंच नाही. अँटेना खाली घेऊन, मासे धरायच्या काठ्या आडव्या करून जाता येत असेल तर त्या आधी खाली घ्यायच्या. आळस म्हणून पूल उघडायला लावला तर दंडाचं काम आहे.

मग पहिली पायरी: आपली उंची माहिती पाहिजे

ह्यात बहुतेक जण चुकतात. बोटीच्या कागदावर डोलकाठीची उंची असते ती बऱ्याचदा काठीच्या टोकापर्यंतचीच असते, त्याच्या वर अँटेना, दिवा, वाऱ्याचा काटा हे धरलेलं नसतं. आणि कागद नव्या बोटीचा, तुमच्या बोटीत आता किती सामान, टाक्या भरल्यात का रिकाम्या, त्यावर ती पाण्यात किती बसलीय ते ठरतं. रिकामी बोट वर उचलते म्हणजे उंची वाढते.

म्हणून स्वतः मोजा. शीड वर ओढायचा जो दोर असतो त्याला मोजायच्या टेपचं टोक बांधायचं, काठीच्या टोकापर्यंत ओढायचं आणि खालनं टेप पाण्याला टेकवून आकडा घ्यायचा. समजा ५१ फूट आला. वर अँटेना ३ फूट. झाले ५४. त्यात लाटेसाठी आणि बोट हलते त्यासाठी किमान २ फूट धरा, म्हणजे ५६. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सुकाणूजवळ चिकटवा, डोक्यात ठेवू नका, कारण रात्री दमलेलं असताना ५१ आठवतो आणि ५६ विसरतो.

हा हिशोब न उघडणाऱ्या पुलाला तर जास्तच लागतो. पूर्व किनाऱ्याच्या आतल्या जलमार्गावर पक्के पूल साधारण ६५ फुटांचे ठेवलेत पण मायामीचा जुलिया टटल कॉजवेचा पूल ५६ फुटांचाच आहे, आणि तो पक्का आहे, तुम्ही रात्रभर भोंगा वाजवला तरी तो हलणार नाही. असल्या ठिकाणी ५६ वाल्या बोटीनं बाहेरनं समुद्रातनंच जायचं. म्हणजे नकाशावर पूल दिसला की पहिला प्रश्न, हा उघडतोय का पक्का आहे.

पुलाची उंची कशी वाचायची

नकाशावर जो आकडा असतो तो भरतीच्या सरासरी पाण्याला धरून असतो, म्हणजे ओहोटीला जास्त जागा मिळते आणि मोठ्या भरतीला, नाहीतर वारा पाणी आत ढकलत असला तर कमी. खरा आकडा पुलाजवळच्या पाटीवर असतो. बऱ्याच पुलांच्या खांबाजवळ लाकडी कुंपणासारखं असतं, त्यावर उभी पट्टी आणि त्यावर आकडे.

आता आपल्याला राजाराम बंधाऱ्यावरची पट्टी माहिती आहे, दर पावसाळ्यात सगळं कोल्हापूर तोच आकडा विचारतं, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. ती पट्टी पाणी किती चढलं ते सांगते, आकडे खालनं वर वाढत जातात. पुलाची पट्टी बरोबर उलटी. तिथं वर हवा किती राहिली ते लिहिलेलं असतं, म्हणून आकडे वरनं खाली वाढत जातात, आणि पाणी जिथं टेकलंय तिथला आकडा म्हणजे आत्ता तुम्हाला मिळणारी उंची. पाणी चढलं की मोठे आकडे बुडतात आणि छोटा उरतो. पट्टीच्या खालच्या अंगाला शिंपल्या चिकटून आकडे अर्धे झाकलेले असतात, लाट येते जाते तसा आकडा २१ दिसतो, २२ दिसतो, परत २१. लाट वर असताना जो दिसतो तो, म्हणजे छोटाच धरायचा. कुठं कुठं पाटीवर लिहिलेलं असतं की मधोमध ३ फूट जास्त मिळतील, कारण उचलत्या पुलाचा पोट बाजूपेक्षा मधी उंच असतोय. ते लिहिलेलं असेल तरच धरायचं, अंदाजानं नाही.

बसत असाल तर गपचूप खालनं निघून जायचं, पुलाला त्रास द्यायचा नाही. नसेल बसत तर पुढं.

वेळापत्रक आणि पाटी

प्रत्येक पूल कधीही उघडतोय असं नाही. शहरातल्या पुलांना गर्दीच्या वेळी सूट असते. सिएटलचा फ्रीमॉन्ट पूल बघा, १९१७ चा, पाण्यापासून फक्त ३० फुटांवर, म्हणून शिडाची बोट आली की उघडावाच लागतो. तिथं कामाच्या दिवशी सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६ छोट्या बोटींसाठी उघडत नाहीत, मोठ्या जहाजाला उघडतात. शिकागोत तर वसंतात आणि शरदात ठराविक बुधवार-शनिवारी शिडाच्या बोटी घोळक्यानं जातात आणि पूल एकामागनं एक उचलत नेतात. फ्लोरिडात बऱ्याच ठिकाणी दिवसा तासाला आणि अर्ध्या तासाला ठरलेलं उघडणं असतं. आणि कमी वापराचे पूल असतात त्यांना आधी कळवावं लागतं, कुठं दोन तास, कुठं चार, कुठं पूर्ण दिवस, कारण तिथं माणूस बसलेलाच नसतो, फोन केल्यावर येतो.

हे सगळं पुलाच्या दोन्ही अंगाला, वरनं येणाऱ्याला आणि खालनं येणाऱ्याला दिसेल अशा पाटीवर लिहिणं मालकाला सक्तीचं आहे, चॅनल कुठला, फोन नंबर काय, वेळा काय. म्हणून पाटी दुर्बिणीतून लांबूनच वाचा. पण त्याहून आधी, आदल्या रात्री नांगर टाकून बसला असाल तेव्हा, उद्याच्या वाटेवरच्या सगळ्या पुलांची यादी काढा, नियमावलीतलं त्या पुलाचं कलम वाचा आणि कोस्ट गार्डच्या आठवड्याच्या सूचना बघा, कारण दुरुस्ती चालू असली की पूल महिनाभर अर्धाच उघडतोय असं त्यात येतं. मग वेळेचा हिशोब उलटा लावायचा. पूल साडेदहाला उघडणार असेल तर सव्वादहाला पोचायचं, दहाला पोचून अर्धा तास प्रवाहाशी झुंजत बसायचं नाही आणि दहा एकतीसला तर अजिबात नाही.

मागायचं कसं

तीन रस्ते आहेत, रेडिओ, भोंगा आणि झेंडा किंवा दिवा. आता नव्वद टक्के काम रेडिओवर होतं पण तिन्ही आले पाहिजेत.

रेडिओ बहुतेक ठिकाणी व्हीएचएफ (बोटीवरचा नेहमीचा रेडिओ) चॅनल १३, फ्लोरिडात ९. सोळावर पुलाला हाका मारत बसायचं नाही, तो संकटासाठी आहे. पॉवर कमी ठेवायची, १ वॅट, नाहीतर वीस मैलांवरच्या पुलाला तुमचं ऐकू जातं. बोलायच्या आधी अर्धा मिनिट ऐका, पुढची बोट आधीच बोलत असेल तर तिच्यातच सगळं कळून जातं. मग पुलाचं नाव दोनदा, आपल्या बोटीचं नाव, कुठल्या दिशेनं येतोय, आणि काय पाहिजे. भाच्याला मी फोनवर असं म्हणायला लावलं, "ब्रिज, ब्रिज, धिस इज सेलिंग व्हेसल पंचगंगा, नॉर्थबाउंड, रिक्वेस्ट अ‍ॅन ओपनिंग, ओव्हर." फक्त ब्रिजच्या जागी त्या पुलाचं नाव आणि पंचगंगाच्या जागी त्याच्या बोटीचं. "हॅलो हॅलो, एनीबडी देअर" असं म्हणायचं नाही. त्या चॅनलवर पाच पूल ऐकत असतात, नाव घेतल्याशिवाय कुणालाच कळत नाही कोणाला हाक मारली. आणि एकदा बोलणं सुरू झालं की पुलाच्या पलीकडं जाईपर्यंत तोच चॅनल चालू ठेवायचा. मधीच रेडिओ गेला तर भोंगा.

भोंग्याचं माप ठरलेलं आहे. एक लांब, मग एक आखूड. लांब म्हणजे ४ ते ६ सेकंद, आखूड म्हणजे साधारण १ सेकंद, आणि दोघांच्या मधी ३ सेकंदापेक्षा जास्त गॅप नको. पोरं लांब भोंगा दोन सेकंदात सोडतात, हाताला तो लांब वाटतो पण ऐकणाऱ्याला आखूड वाटतो. मनात "एक हजार एक, एक हजार दोन" असं पाचपर्यंत मोजा. भाच्यानं "दोन-तीनदा दाबला" ते पुलाच्या माणसाच्या दृष्टीनं काहीच नव्हतं, गावात लग्नाच्या गाड्या भोंगा वाजवत जातात तसं.

झेंडा पांढरा, पुलावरनं दिसेल असा उभा वर-खाली करायचा. रात्री पांढरा, पिवळा किंवा हिरवा दिवा तसाच वर-खाली. आडवा हलवायचा नाही, का ते खाली कळेल.

तुमच्या मागं-पुढं अजून बोटी असतील तर प्रत्येकानं आपापलं सांगायचं. पुढच्यानं सांगितलंय, आपण त्याच्या मागनं जाऊ, हे चालत नाही. मोठी चूक आहे ही, आणि मी केलीय.

उत्तर, म्हणजे "ओ"

पुलावरच्या माणसानं ३० सेकंदाच्या आत उत्तर द्यायचं असतं. उघडतोय असं असेल तर तुमचाच भोंगा परत, एक लांब एक आखूड. नाहीतर पांढरा झेंडा वर-खाली, किंवा पांढरा, पिवळा, हिरवा दिवा.

उघडता येत नाही, किंवा उघडा आहे पण आता बंद करतोय, तर पाच आखूड भोंगे भराभर. झेंड्यानं असेल तर लाल झेंडा आडवा हलवतात, रात्री लाल दिवा आडवा. म्हणून तुमचा पांढरा आडवा हलवायचा नाही, लांबून रंग कळत नाही, हालचाल कळते. पाच आखूड आले की थांबायचं, रेडिओवर विचारायचं किती वेळ लागेल, आणि मग परत मागणी करायची. वाद घालायचा नाही, त्याला वरनं जे दिसतंय ते तुम्हाला खालनं दिसत नाही.

काय दिसत असतं त्याला? पूल उचलायच्या आधी त्याला रस्त्याचे सिग्नल लाल करायचे असतात, घंटा, मग आडवे दांडे खाली, मग पुलावर कोणी राहिलंय का ते बघायचं, चालत जाणारा म्हातारा माणूस मधोमध असतो, एखादा सायकलवाला दांडा खाली येता येता आत घुसतो. सगळं मोकळं झालं की मधले लॉक काढायचे आणि मगच पान, म्हणजे पुलाचा वर उचलणारा भाग, उचलायचं. ह्याला काही मिनिटं जातात. अ‍ॅम्ब्युलन्स येतेय असं त्याला खात्रीनं कळलं तर ती यायच्या वेळेला पूल बंद ठेवायची व्यवस्था त्यानं करायची असं नियमातच आहे. तुमच्या पाच आखूड भोंग्याच्या मागं असलं काहीतरी असतं.

आणि काहीच उत्तर आलं नाही तर? परत द्यायचं. परत नाही, तर परत. पण पुढं सरकायचं नाही.

आता माझं सांगतो. दुसरंच वर्ष होतं, एका टगवर होतो, लहान टग, कॅप्टन जेवायला खाली गेलेला आणि सुकाणू माझ्याकडं. पुढं एक मोठी मोटरबोट चाललेली, तिच्यासाठी पूल उघडला, दोन्ही पानं आभाळाकडं, आणि मला वाटलं उघडाच आहे की, जाऊया मागनं. सिग्नल दिला नाही, रेडिओ उचलला नाही. तिच्यात आणि माझ्यात असं धरा पाव मैल. प्रवाह मागनं. पुलाच्या माणसाला मी दिसलोच नव्हतो, त्यानं तिला पार करून दिलं आणि पानं खाली घ्यायला लागला. पानं हललेली मला दिसली तेव्हा पहिल्यांदा वाटलं डोळ्याला भास होतोय. मग पाच आखूड भोंगे, छातीत बसतील असे. थ्रॉटल पूर्ण मागं ओढला, टग थरथरायला लागली, सुकाणू हातात पण ऐकंना, पाठीमागं पांढरा फेस आणि तरी पुढंच जातेय. लाकडी कुंपणापासून जेमतेम बोटीच्या लांबीएवढ्या अंतरावर थांबली. कॅप्टन वर आला, काही बोलला नाही, रेडिओ माझ्या हातात दिला आणि म्हणाला, आता बोल त्याच्याशी. मला चुलत्यांचं "ऐकलं असेल न्हाई चालत" तेव्हा आठवलं.

उघड्या पुलाचा नियम असा आहे. पूल उघडा दिसला तरी मागणीचा सिग्नल द्यायचाच. ३० सेकंद थांबायचं. पाच आखूड आले तर थांबलेलंच राहायचं. ३० सेकंदात काहीच उत्तर आलं नाही तर जपून जाता येतं, पण हे फक्त आधीच उघड्या असलेल्या पुलाला लागू आहे, बंद पुलाला नाही. आणि मी म्हणतो, उघड्यालाही रेडिओवर एकदा बोलूनच जा.

थांबायचं कुठं, जायचं कसं

पुलाच्या तोंडाशी जाऊन थांबू नका. प्रवाह समोरनं असेल तर बरंच, तोंड प्रवाहाकडं ठेवून थोडं इंजिन देत एका जागी धरता येते. मागनं असेल तर लांब थांबा, वळून तोंड प्रवाहाकडं करा आणि पूल पूर्ण उघडल्यावरच परत वळा. पूल पूर्ण उघडला म्हणजे रात्री लाल दिवे जाऊन हिरवे लागतात. अर्धी पानं वर असताना घुसायचं नाही, डोलकाठी पाण्यावरच्या लाटेनं आडवी झुलते आणि वरच्या टोकाला तो झोका चार-पाच फुटाचा होतो.

शिडाची बोट असेल तर शीड उतरवून इंजिनवर जा, पुलाच्या खांबामधी वारा कधी एकदम मरतो कधी उलटा येतो. मधोमध राहा, लाट उठेल एवढा वेग नको पण रेंगाळूही नका, वर लोकं थांबलीत. दोन्हीकडनं बोटी असतील तर प्रवाहाबरोबर येणाऱ्याला आधी जाऊ द्या, त्याला थांबता येत नाही. चार बोटी असतील तर एकमेकाच्या मागं जवळ जवळ निघा म्हणजे एका उघडण्यात सगळे जातात. शेवटची बोट पार झाली की रेडिओवर सांगायचं, आम्ही मोकळे झालो, थँक्यू कॅप. तिकडं पुलावरच्या माणसाला कॅप्टनच म्हणतात.

बंद ठेवायच्या वेळेतही काही बोटींना उघडतात. सरकारी बोट, बचाव बोट, जिची अडचण अशी आहे की उशीर झाला तर जीव जाईल, आणि वादळातनं आसरा शोधत येणारी. अशा वेळेला मागणीचा भोंगा म्हणजे पाच आखूड. हा भोंगा भूक लागली, उशीर झाला म्हणून द्यायचा नाही.

आणि कधी कधी पूल खरंच अडकतो. उन्हाळ्यात पोलाद फुगतं आणि दोन पानांच्या मधली फट संपते, शिकागोत अग्निशमनच्या गाड्या येऊन पुलावर पाणी मारतात तेव्हा तो सुटतो. असं झालं तर नांगर टाकायची जागा आधीच बघून ठेवलेली असावी.

बाकीच्या देशात

लंडनचा टॉवर ब्रिज ३० जून १८९४ ला सुरू झाला. तिथं हाक मारून उघडत नाही, ३० फूट किंवा जास्त उंचीच्या जहाजानं किमान २४ तास आधी लेखी कळवायचं, पैसे लागत नाहीत, आणि वर्षाला साधारण ८०० वेळा उघडतो. तिथंही बोटच आधी. १९९७ मधी अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन लंडनला आलेले, त्यांच्या गाड्यांचा ताफा मधोमध तुटला कारण एक जुनी शिडाची बार्ज (सपाट बुडाची मालवाहू बोट) वेळ ठरवून आलेली आणि पूल तिच्यासाठी उघडला. आणि १९५२ च्या डिसेंबरात ७८ नंबरची डबलडेकर बस पुलावर असतानाच पान उचलायला लागलं, ड्रायव्हर अल्बर्ट गुंटरनं बस थांबवायच्या ऐवजी जोरात पुढं काढली आणि पलीकडच्या पानावर उडी मारली. पुलावरच्या माणसानं वरचं मोकळं आहे का ते दोनदा का बघायचं, ते ह्यावरनं कळतंय.

हॉलंडमधी भोंग्यापेक्षा दिवे बघायचे. एक लाल म्हणजे थांबा. लाल आणि हिरवा दोन्ही म्हणजे उघडायची तयारी चालू आहे. नुसता हिरवा म्हणजे चला. दोन लाल एकावर एक म्हणजे पूल चालूच नाही, वाट बघू नका. गावातल्या काही पुलांवर टोल असतोय आणि तिथला माणूस मासे धरायच्या काठीला लाकडी बूट बांधून तुमच्या डेकवर सोडतो, त्यात नाणी टाकायची. सुट्टे पैसे हाताशी ठेवा.

आणि आपलं पांबन

व्हिसा न काढता हे बघायचं असेल तर रामेश्वरला जा, कोल्हापुरातनं यात्रेला एवढी माणसं जातात पण रेल्वेचा पूल उघडताना बघायला कोण थांबत नाही. जुना पांबन २४ फेब्रुवारी १९१४ ला सुरू झाला, मधला भाग दोन पानांचा आणि ती पानं माणसं हातानं दांडे फिरवून उघडायची. वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की गाडीला सिग्नल लाल व्हायचा. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात पुलाचे गाळे वाहून गेले आणि रेल्वेचे इंजिनीयर ई. श्रीधरन ह्यांच्या माणसांनी ४६ दिवसात पूल परत उभा केला. नवा पूल ६ एप्रिल २०२५ ला सुरू झाला, ह्याला पानं नाहीत, मधला ७२.५ मीटरचा अख्खा तुकडा लिफ्टसारखा सरळ १७ मीटर वर जातो.

तिथं बोटवाल्यानं आधी बंदर कार्यालयात नाव द्यावं लागतं आणि रेल्वे गाड्यांच्या मधली वेळ बघून बोटी एकदम सोडतात, त्यामुळं मच्छीमार, बार्ज, कधी नौदलाची छोटी बोट अशी रांग लागलेली दिसते. शेजारच्या रस्त्याच्या पुलावरनं सगळं दिसतं. कठड्याला टेकून उभं राहा आणि पुलाकडं बघण्यापेक्षा बोटींकडं बघा, पहिली बोट किती लांब थांबलीय, तोंड कुठं केलंय, आणि मधला तुकडा वर जाऊन थांबल्यावरच तिच्या मागं फेस उठतोय का.

भाच्यानं काल रात्री आवाजाची क्लिप पाठवली. आधी लांब भोंगा, मी घड्याळ लावून मोजला, पाच सेकंद. मग आखूड. मग नुसतं पाणी, बावीस सेकंद, आणि लांबून तसाच लांब, तसाच आखूड. मी त्याला एवढंच लिहिलं, ओ आली बघ.